निगा आणि नजर

त्वचेची निगा हा विषय टीकालेखाला शोभेल काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. देवालयाच्या आश्रयाने वाढलेल्या आमच्या समाजात ग्रंथांची, कीर्तनांची, नाटकांची टीका होते. तोंडाला काय लावावे यावर लिहिणे हे पोरकटपणाचे, निदान प्रौढ माणसाला न शोभणारे मानले जाते. आमचे मत निराळे आहे. ज्या विषयावर आज घरोघर सर्वांत अधिक मजकूर पोहोचतो आणि ज्या मजकुरावर विश्वास ठेवून माणसे स्वतःच्या देहावर प्रयोग करतात, त्या मजकुराची चिकित्सा टीकाकाराने करावयाची नाही तर कोणी करावयाची? काव्यातील एखादा वृत्तदोष वाचकाच्या कानाला टोचतो, एवढेच. या वाङ्मयातील दोष वाचकाच्या गालावर उमटतो. हे विधान आम्ही अलंकार म्हणून करीत नाही. तसा एक गाल आम्ही पाहिला आहे आणि त्या प्रकरणात आम्ही स्वतः निर्दोष नाही.

आदिलाबाद शहराच्या उत्तरेस, पैनगंगेच्या अलीकडे भीमपूर आहे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ साली आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. २०१६ च्या पुनर्रचनेत भीमपूर हे स्वतंत्र मंडल झाले. सरकारी कागद तेलुगूत येतो, पण ओसरीवरचे बोलणे मराठीत चालते. जमीन काळी, पीक मुख्यतः कापसाचे. हवामान मात्र माणसाच्या कातडीचा अंत पाहणारे आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो, तर पौषात तो कित्येकदा १० अंशांच्या खाली उतरतो. या दोन टोकांच्या मध्ये कापूसवेचणी येते. पऱ्हाटीवरच्या वाळलेल्या बोंडांची टोके बोटांना ओरखडतात, वरून ऊन लागते आणि हवा कोरडी असते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत वाढलेल्या आमच्या कोकणी वाचकांना या कोरडेपणाची कल्पना येणे कठीण आहे.

आमच्या थोरल्या चुलतभावाचे घर तेथे आहे. वहिनी आज सत्तेचाळीस वर्षांच्या आहेत. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही गालांवर वांग उमटू लागला. त्याच सुमारास एका समारंभात आम्ही गृहवैद्यकावर भाषण केले होते. आमचा व्यवसाय वकिलीचा, त्यामुळे एकतर्फी बाजू जोराने मांडण्याची सवय जुनी आहे. बाजारातील डब्या फेकून द्या, स्वयंपाकघरात जे आहे ते निर्दोष आहे, लिंबू व बेसन यांपुढे कोणतेही मलम टिकत नाही, असे आम्ही मोठ्या आवेशाने सांगितले. टाळ्या झाल्या. वहिनी त्या सभेत पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी ते मनावर घेतले. रोज सकाळी गालांना लिंबाचा रस चोळून त्या वेचणीला जात. महिनाभरात गाल भाजल्यासारखे झाले, मग अधिकच काळवंडले. तेव्हा ओळखीच्या एका बाईने त्यांना एक लहानशी डबी आणून दिली. तिच्यावर ना नाव होते, ना पत्ता. त्या डबीने पंधरा दिवसांत चेहरा उजळला. सहा महिन्यांत कातडी कागदासारखी पातळ झाली, तांबड्या शिरा दिसू लागल्या आणि चुलीजवळ बसणेही अशक्य झाले. आदिलाबादच्या त्वचारोगतज्ज्ञांनी डबी बंद करविली. चेहरा पूर्ववत होण्यास जवळजवळ वर्ष लागले आणि काही डाग अद्याप आहेत. आम्ही भेटीस गेलो तेव्हा वहिनी एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, लिंबू तुम्हीच सांगितलं होतं जी.” त्या वाक्यात राग नव्हता. म्हणूनच ते आम्हाला विसरता येत नाही.

तेव्हापासून या विषयावरचे वाङ्मय आम्ही जरा सावधपणे वाचू लागलो. त्याचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग जाहिरातीचा, दुसरा ज्याला आपण प्रेमाने आजीबाईचा बटवा म्हणतो त्या घरगुती उपायांच्या स्तंभांचा आणि तिसरा जुन्या दिनचर्याग्रंथांचा. तिघांचीही भाषा मराठी वाचकाच्या परिचयाची आहे, आणि तिघांनाही चाळिशीच्या पुढच्या गृहिणीशी बोलावयाचे असते. तिच्याशी कोण खरे बोलतो, हे पाहू.

जाहिरातीच्या वाङ्मयाचा पहिला गुण मान्य केला पाहिजे: ते थोडक्यात बोलते. दोष असा की ते नेहमी एकाच क्रियापदाभोवती फिरते, ते म्हणजे ‘लपविणे’. वय लपवा, डाग लपवा, रंग लपवा. वाचणाऱ्या स्त्रीच्या हातून जणू काही गुन्हा घडला असून पुरावा नष्ट करण्याचे साधन तिला विकले जात आहे, असा या भाषेचा सूर असतो. १९७५ साली आपल्या देशात दोन क्रीमे बाजारात आली. एक होते ‘फेअर अँड लव्हली’. दुसरे ‘विको टर्मरिक’, केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ साली स्थापन केलेल्या विको संस्थेचे. पहिल्याने गोरेपणाचे नाव घेतले, दुसऱ्याने हळदीचे. पुढील कित्येक वर्षे मराठी मध्यमवर्गीय घरांतील आरशासमोर या दोन नावांचा शेजार राहिला. पहिल्या क्रीमच्या नावातील गोरेपणाचा शब्द २०२० साली गळला आणि त्या जागी ‘ग्लो’ आला. शब्द बदलला म्हणून नजर बदलली, असे मात्र कोणी समजू नये. ज्या समाजाने शतकानुशतके सावळ्या विठ्ठलाला डोळे भरून पाहिले, त्याच समाजाच्या वधूवरसूचनांत ‘गोरी’ हे विशेषण अजून आढळते. ही विसंगती जाहिरातदाराने निर्माण केलेली नाही. त्याने ती फक्त ओळखली व विकली.

आता थोडे कायद्याविषयी. १९४० च्या औषधे व प्रसाधने कायद्यात प्रसाधनाची जी व्याख्या आहे तिचा आशय असा: शरीरावर चोळावयाचा, ओतावयाचा, शिंपडावयाचा किंवा फवारावयाचा असा पदार्थ, जो स्वच्छतेसाठी, सौंदर्यासाठी, आकर्षकपणा वाढविण्यासाठी वा रूप बदलण्यासाठी वापरला जातो. या व्याख्येत सौंदर्य आहे, आकर्षण आहे, पण दुखणाऱ्या, कोरड्या पडणाऱ्या, भेगाळणाऱ्या कातडीची साधी सोय पाहणे कोठे आहे? ही उणीव न्यायालयांपुढे वारंवार आली, आणि आली ती कराच्या प्रश्नाच्या रूपाने. विकोच्या हळदीच्या क्रीमवर प्रसाधन म्हणून कर लावावा की ते आयुर्वेदिक औषध मानावे, हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि अखेर सर्वोच्च न्यायालयात संस्थेच्या बाजूने निकालात निघाला. उलट, २००३ साली त्याच न्यायालयासमोर ओठांना लावावयाच्या एका मलमाचे प्रकरण आले. ते उंच, थंड प्रदेशातील जवानांसाठी लष्कराला पुरविले जात असे. ओठ फुटू नयेत म्हणून वापरलेले ते मलम त्वचेच्या निगेचे साधन ठरले, औषध नव्हे. करशास्त्राच्या दृष्टीने हे निर्णय आपापल्या जागी असतील. आम्हाला त्यांतून निराळेच काही दिसते. हिमशिखरावरच्या जवानाच्या ओठांची निगा कोणालाही नखरा वाटणार नाही. भीमपूरच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईच्या ओठांची निगा मात्र पुष्कळांना तशी वाटते. फरक थंडीत नाही, पाहणाऱ्याच्या नजरेत आहे.

कायद्याने जाहिरातीला आवर घालण्याचा प्रयत्न केला नाही असे नव्हे. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ चा आहे. २०२० साली केंद्र सरकारने त्याच्या दुरुस्तीचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यातील यादीत त्वचेच्या गोरेपणाचाही समावेश होता. स्टिरॉइड असलेली मलमे वैद्यकीय चिठ्ठीवाचून सर्रास विकली जात. २०१८ साली अशा चौदा मलमांची ती सवलत काढून घेण्यात आली. प्रसाधनात अनवधानाने राहणाऱ्या पाऱ्यालाही २०२० च्या नियमांनी मर्यादा घातली आहे: सामान्य प्रसाधनात दहा लाख भागांत एक भाग. पण नावपत्ता नसलेली डबी कायद्याच्या कक्षेत यावयाची कशी? अकोल्यातील एका कुटुंबातील आई व दोन मुलींना अशाच क्रीमच्या वापरानंतर मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे २०२३ च्या प्रारंभी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा आढळला. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील वैद्यांनी २०२१ ते २०२३ या काळातील अशा मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ जणांत एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीमे वापरली होती. चेहऱ्यावर लावलेला पदार्थ चेहऱ्यावरच राहतो, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

दुसरा वर्ग बटव्याचा. या वाङ्मयावर टीका करणे आम्हाला सर्वांत जड जाते, कारण त्याचा गोडवा आम्हालाही लागलेला आहे आणि त्याचे अपत्य असलेले एक भाषण आमच्या नावावर आहे. त्यातील मूळ तर्कदोष एकच आहे: जे पोटाला चालते ते त्वचेलाही चालते, असे त्यात गृहीत धरलेले असते. पोटाचे आणि त्वचेचे काम निराळे आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. त्याच्या मानाने लिंबाचा रस शेकडो पट तीव्र आम्ल आहे, तर खाण्याचा सोडा उलट्या टोकाला, अल्क आहे. शिवाय लिंबूवर्गातील फळांत अशी द्रव्ये असतात की ती कातडीवर असताना ऊन लागले तर कातडी भाजते व मागे काळा डाग राहतो. वहिनींच्या बाबतीत नेमके हेच घडले. लिंबाने वांग गेला नाही, लिंबाने व उन्हाने मिळून तो वाढविला. बटव्याच्या स्तंभांत लिंबू असते, पण त्यानंतर उन्हात जाऊ नये, हे वाक्य बहुधा नसते. कायद्याच्या भाषेत सांगावयाचे तर हे वाङ्मय साक्षीदाराची सरतपासणी करते, उलटतपासणी करीत नाही.

आमच्या देवालयप्रेमी वाचकांना हा मुद्दा पटविण्यासाठी दूर जावे लागणार नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीची झीज होऊ लागली, तेव्हा तिच्यावर वज्रलेप करावा लागला. २०२० सालीही तो झाला. दूध, दही, मध आणि पाणी यांच्या वारंवार होणाऱ्या अभिषेकांनी पाषाण झिजतो, हे आपण मान्य केले आणि उपचारांना मर्यादा घातली. द्रव्ये पवित्र नव्हती म्हणून नव्हे, तर पृष्ठभागाचाही काही धर्म असतो म्हणून. जो विचार आपण पाषाणासाठी केला, तो सत्तेचाळीस वर्षांच्या गालासाठी करण्यास काय हरकत आहे? बटव्यातील सगळेच टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. मसुराचे किंवा बेसनाचे सौम्य पीठ साबणाऐवजी वापरले, तर पुष्कळ साबणांच्या अल्कापासून कोरड्या त्वचेची सुटका होते. पण ते चोळावयाचे नसते, अलगद लावून धुवावयाचे असते. हळद थोडी असावी. आणि प्रत्येक नवा पदार्थ आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोनतीन दिवस लावून पाहावा, मगच तोंडाजवळ न्यावा. हे शेवटचे वाक्य बटव्यात शिवून टाकले, तर त्यातील निम्मे दोष जातील.

तिसरा वर्ग जुन्या ग्रंथांचा. त्यांचा प्रतिनिधी म्हणून आम्ही वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील दिनचर्येचा अध्याय पुन्हा वाचला. एक गोष्ट प्रथमदर्शनीच जाणवते. अभ्यंगाची जी फळे तेथे मोजली आहेत त्यांत श्रमपरिहार आहे, झोप आहे, दृढता आहे, चांगली त्वचा आहे. गोरेपणा नाही. वार्धक्य दूर ठेवण्याची गोष्ट आहे, ते लपविण्याची नाही. दुसरे असे की ग्रंथकार अपवाद सांगतो. अभ्यंग कोणी करू नये, कोणत्या अवस्थेत करू नये, हे तो विधानाला लागूनच सांगतो. रोज सर्वांगाला जमत नसेल तर डोके, कान व पाय यांकडे विशेष लक्ष द्यावे, अशीही सवलत तेथे सापडते. कढत पाणी अंगावर घ्यावे, पण डोक्यावर नव्हे, असा बारकावाही आहे. नियम, त्याचे कारण, त्याचा अपवाद आणि असमर्थासाठी लहान पर्याय या चारही गोष्टी ज्या मजकुरात आहेत, त्याला आम्ही प्रामाणिक वाङ्मय म्हणतो. जाहिरातीत पहिल्या दोन असल्यासारख्या भासतात. उरलेल्या दोन कधीच नसतात.

तरीही या ग्रंथाचा एक दोष सांगितल्याशिवाय आमचे टीकाकर्तव्य पुरे होत नाही. त्या अध्यायातील मनुष्य सवडीचा आहे. तो पहाटे उठतो, दात घासतो, अंजन घालतो, तेल लावून घेतो, व्यायाम करतो, उटणे लावतो, स्नान करतो. या सर्व वेळात त्याच्या घरातील पाणी कोण तापवीत आहे? तेल कोणी कोमट केले? नरकचतुर्दशीची पहाट आठवून पाहा. घरातील प्रत्येकाला तेल-उटणे लावणारी, प्रत्येकाच्या बंबात पाणी घालणारी गृहिणी शेवटी न्हाते, तोवर पाणी कोमट झालेले असते आणि उटण्याच्या वाटीत बोट पुसण्यापुरतेच उरलेले असते. ती सर्वांना तेल लावते, तिला कोण लावते? ग्रंथाने हा प्रश्न विचारला नाही आणि आम्हीही सभेत विचारला नाही. घरच्या घरी, परवडेल अशा रीतीने त्वचेचा नेम चालविणे हे पैशापेक्षा अधिक या प्रश्नावर अडते. परवडण्याचा हिशेब आपण रुपयांत करतो. तिला तो मिनिटांत करावा लागतो.

आज वहिनींचा जो नेम आहे तो त्या तज्ज्ञ बाईंनी घालून दिला आणि वहिनींनी आपल्या दिवसाला जुळवून घेतला. तो येथे नोंदवितो, कारण टीकाकाराने दोष दाखविल्यावर चांगला नमुना दाखविणेही त्याच्याकडे लागते. सकाळी कोमट पाण्याने थोडा वेळ स्नान. कढत पाणी बरे वाटते, पण ते अंगचा उरलासुरला स्निग्धपणा घेऊन जाते. साबण केवळ काखा, जांघा व पाय यांना. अंग घासून न पुसता टिपून घ्यावयाचे आणि ते ओलसर असतानाच तेल किंवा मलम लावावयाचे. हा क्रम म्हणजेच या नेमाचा प्राण आहे. तेल स्वतः पाणी देत नाही, कातडीतले पाणी ते उडू देत नाही. कोरड्या अंगावर लावलेले तेल म्हणजे रिकाम्या रांजणावर ठेवलेले झाकण. चेहऱ्याला बिनवासाचे साधे मलम. रात्री टाचांना व बोटांना व्हॅसलीन लावून वर जुने सुती मोजे. भेगा खोल असतील तर युरिया असलेले मलम.

चाळिशीनंतर हे अधिक लागते, त्यालाही कारण आहे. वयाबरोबर त्वचेतील स्निग्धद्रव्य कमी पाझरते. स्त्रियांत पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटते आणि त्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलाजेन, म्हणजे तिला ताठ ठेवणारा तंतू, सुमारे ३० टक्के कमी होतो असे वैद्यकग्रंथ सांगतात. खाज, कोरडेपणा, सैलपणा हा तिचा हलगर्जीपणा नव्हे, तो देहाचा हंगाम आहे. हंगाम बदलला की शेतकरी जमिनीला दोष देत नाही, मशागत बदलतो.

तेलाच्या निवडीबद्दल आमच्या मराठी व कोकणी वाचकांत सौम्य भांडण होण्यासारखे आहे. किनाऱ्यावर खोबरेलाला पर्याय नाही, आणि त्याची कीर्ती पोकळ नाही. कोरड्या त्वचेवर त्याची खनिज तेलाशी तुलना केली असता ते त्याच्या तोडीस तोड उतरल्याचे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसून आले. भेगांसाठी कोकमाचे मुठेल हेही आपल्या आज्यांनी वापरलेले उत्तम द्रव्य आहे. पण भीमपुरात ना नारळ, ना कोकम. तेथे तीळ आहे, आणि गोंड घरांत मोहाच्या बियांचे तेल आहे. तेही चालते. व्हॅसलीन तर रॉबर्ट चेसब्रो याने १८७२ साली अमेरिकेत ज्याचे एकस्व घेतले तो खनिज तेलाच्या व्यवसायातील दुय्यम पदार्थ. त्यात ना परंपरा ना सुगंध, पण कातडीतले पाणी कोंडून धरण्यात त्याची बरोबरी करणारे द्रव्य क्वचितच सापडेल. स्वदेशी की परदेशी, घरचे की बाजारचे, हा वाद त्वचेला समजत नाही. तिला तीव्र की सौम्य, एवढेच कळते.

राहिले ऊन. वांगाचा खरा शत्रू तोच आहे. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात त्याचा मारा सर्वांत प्रखर असतो आणि वेचणी तर याच वेळात चालते. उन्हापासून रक्षण करणारे क्रीम चांगले खरे, पण पुरेशा जाडीने व दर दोनतीन तासांनी पुन्हा लावले तरच. तसे लावल्यास महिन्याच्या नेमातील सर्वांत मोठा खर्च त्याचाच होतो. वांगाला नुसता न दिसणारा किरणच नव्हे, दिसणारा उजेडही वाढवितो, म्हणून साध्या क्रीमवर विसंबणे पुरेसे नाही. वहिनी डोक्यावरून दाट विणीचा रुमाल गालांपर्यंत ओढून बांधतात, त्यावर रुंद काठाची टोपी घालतात आणि क्रीम फक्त उघड्या राहिलेल्या भागाला लावतात. टोपीला प्रथम गावात हसले. आता त्यांच्या सोबतीच्या दोघी तशीच टोपी घालतात. हा एवढा नेम त्यांच्या हिशेबाच्या वहीत महिन्याकाठी जो आकडा दाखवितो, तो त्या बेनामी डबीच्या किमतीहून कमी आहे. आणि वेळ? सकाळी पाच मिनिटे, रात्री पाच. ती दहा मिनिटे मोकळी व्हावीत म्हणून सकाळचे पाणी आता आमचे बंधू तापवितात. या प्रकरणातील सर्वांत परिणामकारक औषध कोणते, असे कोणी आम्हाला विचारले, तर आम्ही हेच दाखवू.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला वैराग्याचा: देह नश्वर आहे, त्याचे एवढे चोचले कशाला? याला उत्तर असे की जो देवळाच्या भिंतीला चुना देतो, समईची वात साफ करतो, तो काही त्या भिंतीला अमर समजत नसतो. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: घरचा नेम पाळला म्हणजे वैद्याची गरज उरत नाही काय? उरते. वाढत जाणारा किंवा रंग बदलणारा तीळ, बरी न होणारी जखम, अंगभर कारणाशिवाय येणारी खाज, कोणत्याही मलमाने पंधरा दिवसांत आलेला चमत्कार, यांपैकी काहीही दिसले तर नेम बाजूला ठेवून तज्ज्ञाकडे जावे. विशेषतः चमत्कार दिसला तर. आणि डबी घेताना निर्मात्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी व मुदत पाहावी. सही नसलेला दस्तऐवज आपण स्वीकारीत नाही, मग नाव नसलेली डबी तोंडाला का लावावी?

‘निगा’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. मूळ ‘निगाह’, म्हणजे नजर. ज्याच्यावर नजर असते त्याची निगा राहते, असा त्याचा सरळ अर्थ आहे. शेताची, गुराची, घराची निगा आपण अशाच अर्थाने राखतो. त्वचेच्या बाबतीत मात्र आपण हा शब्द उलटा वाचला. दुसऱ्याच्या नजरेला काय दिसेल, याचीच चिंता जाहिरातीने शिकविली, आणि ‘बायकांनी नटूथटू नये’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही त्याच नजरेचा हिशेब केला. एकाने दाखवावयास सांगितले, दुसऱ्याने झाकावयास. स्वतःच्या नजरेने स्वतःच्या देहाकडे पाहावयास दोघांनीही सांगितले नाही.

आमच्या भाषेत जवळचे वाचण्याच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात. आम्हाला ती लागली तेव्हा आम्ही लाजलो नाही. डोळ्यांचे वय झाले हे कबूल केले, काच बसविली आणि पुन्हा ग्रंथ उघडला. त्वचेलाही तिची चाळिशी लागते. तिलाही तेवढीच शांत कबुली आणि तेवढीच साधी सोय हवी असते. मागच्या पौषात आम्ही भीमपुरास गेलो असता आमच्या टाचांच्या भेगा वहिनींच्या दृष्टीस पडल्या. त्यांनी व्हॅसलीनची डबी आमच्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, “घ्या भाऊजी, रात्री लावा. अन् भाषणात सांगायच्या आधी महिनाभर स्वतः लावून पाहा.” हा लेख लिहावयास आम्ही तो महिना पुरा होईपर्यंत थांबलो होतो.